कांदाचाळीत गारठलेली पिल्लं

पत्र

दादा, बचत गटातून कर्ज उचलून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी कावेरी जातीची एक दिवसाची १०० पिल्लं आणली. कांदा विकून चाळ रिकामी होती, तिच्या एका टोकाला जागा केली. तीन बाजूंनी गोणपाट बांधलं, खाली भुसा टाकला, दोन मोठे एलईडी बल्ब लावले. चांगला लख्ख उजेड पडतो. खायला तांदळाच्या कण्या, प्यायला परातीत पाणी. पहिल्या दिवशी पिल्लं छान होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळी एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली आणि खालची ११ मेलेली. चार दिवसांत ३४ गेली, त्यातली दोन पाण्यात बुडून. काहींची शी मागे चिकटून वाळली आहे. दुकानदार म्हणाला इन्फेक्शन आहे, एक बाटली दिली, पाण्यातून द्यायला सांगितली. सासूबाई म्हणतात, कोंबडीखाली कधी अशी पटापट मरत नव्हती. जाऊबाई म्हणतात, हळदीचं पाणी दे. त्यात रात्री वीज जाते. राहिलेली ६६ जगतील का? पुढच्या महिन्यासाठी आणखी १०० सांगून ठेवलीत, ती आणू का?

– एक भगिनी, निफाड तालुका

उत्तर

ताई, ती बाटली आधी बाजूला ठेवा. तुमच्या पिल्लांना काय झालंय ते तुम्हीच पत्रात लिहिलंय: कोपऱ्यात ढीग आणि खालची मेलेली. पिल्लं थंडीने एकमेकांच्या अंगावर चढली, खालची गुदमरली. रोगाने मेलेलं पिल्लू बहुधा कुठेतरी एकटं, पंख पाडून, डोळे मिटून बसलेलं सापडतं. एका रात्रीत एकाच कोपऱ्यात ११ मेली, याचा अर्थ गारठा.

आता जागा बघा. कांदाचाळ बांधतात कशासाठी? खालून, बाजूने, सगळीकडून वारा खेळावा आणि कांदा कोरडा राहावा म्हणून. कांद्याला जे हवं तेच पिल्लाला मारतं. तीन बाजूंना गोणपाट लावलं तरी खालच्या फटी उघड्याच राहतात आणि गार वारा बरोबर पिल्लाच्या उंचीवरून वाहतो. आपण उभे असतो तिथे तो जाणवतही नाही. त्यात निफाडचा डिसेंबर! पारा ५-६ अंशांवर आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवणारा तालुका तुमचा. बागेची जेवढी काळजी केली तेवढी पिल्लांचीही हवी होती, एवढंच.

दुसरी गोष्ट बल्बची. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब वीज खायचा ती बहुतेक सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकायचा. घरासाठी तो दोष होता, पिल्लांसाठी तोच गुण. आता किराणा दुकानात तो बल्ब सहज मिळत नाही, म्हणून लोक एलईडी टांगतात आणि लख्ख उजेडात पिल्लं गारठून मरतात. ही चूक एकट्या तुमची नाही, हल्ली सर्रास होते. पोल्ट्रीच्या साहित्याच्या दुकानात १०० वॅटचे तारेचे बल्ब किंवा २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा मागा.

सासूबाईंचं म्हणणं मात्र नीट ऐका, कारण त्यात सगळं ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन सांभाळणं, आलं. खुडूक कोंबडी अख्खं अंगण तापवत नाही. अंगण गारच असतं, ऊब फक्त तिच्या पंखाखाली असते. पिल्लू बाहेर येतं, चार दाणे टिपतं, गार वाटलं की आत घुसतं, गरम झालं की पुन्हा बाहेर. कधी आत आणि कधी बाहेर, हे ते स्वतः ठरवतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला आपल्या अंगाची ऊब आपण सांभाळता येत नाही. पण ऊब कुठे आहे आणि कुठे जास्त झाली, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळतं. तेव्हा अख्खी खोली भट्टीसारखी तापवायची नाही. मधोमध एक गरम जागा आणि भोवती थोडी गार जागा ठेवायची, बाकीचं पिल्लू बघतं.

मग ही ६६ पिल्लं कोंबडीखालीच सोडू का, असं तुमच्या मनात येईल. नको. एक कोंबडी दहा-बारा पिल्लं पांघरते, त्यापुढची बाहेर राहतात. शिवाय गावातल्या मोठ्या कोंबडीकडून उवा, पिसवा आणि रोग लहान पिल्लांना लागतात. कोंबडी तिच्या पिल्लांपुरती ठीक.

आज संध्याकाळच्या आत पिल्लं चाळीतून हलवा. घराजवळची, चार भिंतींची, दार लागणारी खोली बघा. वस्तीवरच्या शेतीच्या लाइनपेक्षा गावठाणातली वीज कमी जाते, म्हणून गावातलं घर असेल तर ते आधी. फरशी किंवा कोबा असेल तर त्यावर दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. तुमच्या जिल्ह्यात इगतपुरीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तूस मिळायला अडचण नाही. तूस नाहीच मिळालं तर सुतारकामातला रंध्याचा जाड भुसा चालेल. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात आणि गळ्याखालची पिशवी गच्च होते. वर पहिले दोन-तीन दिवस कागद अंथरतात, पण तो गुळगुळीत नको. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तशीच अधू होतात. खोक्याचा खरबरीत पुठ्ठा चांगला. तुमची पिल्लं आता पाच दिवसांची आहेत, त्यांना कागदाची गरज नाही.

त्यावर गोल कडं करा. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा पुठ्ठा १९-२० फूट लांब घेतला की साधारण सहा फूट व्यासाचं कडं होतं, १०० पिल्लांना पहिल्या आठवड्यापुरतं पुरतं. तुमच्या ६६ ना थोडं लहान करा. गोलच हवं, कारण कोपरा असला की पिल्लं त्यात ढीग करणारच. कड्याच्या मधोमध वरून बल्ब टांगा. बल्ब भोवतालच्या हवेत ऊब घालवतो, ती खाली यावी म्हणून वर उपडं घमेलं धरा. बांबूची पाटीही वापरतात, पण ती पेटते, मी घमेलंच सुचवेन. आणि दिवा वायरवर टांगू नका. साखळी किंवा तार वेगळी बांधा. वायर निसटून दिवा तुसावर पडला की पिल्लांसकट खोली जाते.

किती वॅट? पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब सांगतात. पुण्या-मुंबईकडे तो पुरतो. तुमच्याकडच्या थंडीत ६६ पिल्लांसाठी १०० वॅटचे तीन बल्ब टांगा आणि दुपारी एक-दोन बंद करा. एकच मोठा दिवा लावला आणि तो रात्री दोनला उडाला तर सकाळी पुन्हा तोच ढीग दिसेल.

तापमानाचे आकडे असे: पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर, ९५ अंश फॅरनहाइट, आपल्या ३५ सेल्सिअसच्या आसपास. पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटने कमी करत जायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिसं भरली की दिवसा दिव्याची गरज राहत नाही, रात्री थंडीप्रमाणे बघायचं. थर्मामीटर जरूर ठेवा, पण तो भिंतीवर खिळ्याला नको. भिंतीवर २८ दिसतील आणि तुसावर १८ असतील.

आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे जास्त बघा. दिव्याखाली घट्ट गोळा करून मोठ्याने ओरडत असतील तर थंडी वाजतेय, दिवा खाली घ्या. कडेच्या पत्र्याला टेकून, पंख सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, फट शोधा. कड्यात सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय ताणून आडवी झोपलीत आणि बारीक चिवचिव चालू आहे, असं दिसलं की तुमचं जमलं. हे दिवसा कोणीही बघतं. खरं बघायचं ते पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. गजर लावा, चार-पाच रात्री उठा. एक पिल्लू हातात घ्या आणि त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावा. पाय गार लागले तर तूस गार आहे, मग वर दिवा कितीही लख्ख असो.

वीज जाते त्याचं काय? लोक अशा वेळी खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडक्या घट्ट लावतात. ताई, हे कधीही करू नका. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. पिल्लं मरतात आणि त्यांच्यासोबत खोलीत झोपलेली माणसंही मरतात. शेगडी ठेवायचीच तर कोळसा बाहेर पूर्ण फुलवून, धूर संपल्यावर आत आणा, पण धूर नसला तरी तो वायू निघतच असतो, म्हणून वरची खिडकी उघडी ठेवा आणि त्या खोलीत झोपू नका. मला विचाराल तर दोन-तीन तासांच्या वीजकपातीला गरम पाण्याच्या बाटल्या बऱ्या. बाटल्या फडक्यात गुंडाळा, कड्याच्या मध्ये ठेवा, कडं आवळून लहान करा आणि वरून अर्ध्या भागावर गोणपाट टाका. सगळ्यावर टाकलं की हवा कोंडते. दर दीड-दोन तासांनी पाणी बदलावं लागेल.

आता परात. ती आजच स्वयंपाकघरात परत न्या. एवढंसं पिल्लू परातीत शिरलं की भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू बुडालं नाही तरी गारठून मरतं. उलट्या बरणीचं पाण्याचं भांडं मिळतं, ५० पिल्लांना एक या हिशेबाने दोन घ्या. तोवर ताटलीच वापरायची तर तिच्यात गोट्या किंवा धुतलेले खडे पसरा, चोच जाईल पण अंग जाणार नाही. पाणी बर्फासारखं गार नको, सकाळी कोमट करून भरा. भांडी रोज घासा.

गूळपाणी पिल्लं आल्या आल्या पहिले काही तास ठीक, प्रवासाचा शीण जातो. पुढे साधं पाणी. दिवसच्या दिवस गोड पाणी चालू ठेवलं तर शी पातळ होते आणि मागे चिकटते. तुमच्या पिल्लांच्या मागे जी शी वाळलीय ती मात्र प्रामुख्याने गारठ्यामुळे. कोमट पाण्यात कापूस भिजवून हलक्या हाताने भिजवत भिजवत काढा, ओढू नका. कोवळी कातडी सोबत येते. मग फडक्याने टिपून, दिव्याखाली कोरडं करूनच सोडा. हे न केल्यास शी आत अडून पिल्लू दोन दिवसांत जातं. काढताना जागा नीट बघा. शी चिकटते ती शेपटीखाली. बेंबी त्याच्या पुढे, पोटावर असते. तिथली खपली काही जण शी समजून ओढतात. बेंबी ओली, लाल, सुजलेली आणि पोट पाणी भरल्यासारखं ढिलं लागलं तर तो बेंबीचा आजार. त्याचं मूळ बहुतेकदा उबवणी केंद्रातल्या अस्वच्छतेत असतं. अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत, वेगळी काढा.

कण्या बंद. अंड्यातला पिवळा बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं, त्यावर ते दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणून कण्यांवरही ती तगलेली दिसली. पण कण्यांमध्ये प्रथिनं फार कमी. त्यावर ठेवलं तर पिसं भरत नाहीत, पाय वाकडे होतात आणि महिन्याभरात १०० ऐवजी खुरटी ५० उभी असतात. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा ठीक, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं. पिशवीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. या आठवड्यात १०० पिल्लं मिळून दिवसाला जेमतेम एक किलो खातात, तेव्हा इथे काटकसर नको. रात्री निजण्याआधी पाच-सहा पिल्लं उचलून गळ्याखाली बोट लावून बघा. मऊ, भरलेली पिशवी लागली पाहिजे. रिकामी लागली तर ते पिल्लू खात नाहीये. गारठलेलं पिल्लू खायला उठतच नाही, समोर दाणे असले तरी उपाशी मरतं. म्हणून आधी ऊब, मग खाणं, त्यानंतर औषधाचा विचार.

बाटलीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण दुकानातून अशी मिळते ती बहुधा अँटिबायोटिक असते. गारठ्यावर ती काही करत नाही. गरज नसताना वापरली की पुढे खरा जंतुसंसर्ग आला तेव्हा ती लागू पडत नाही. बाटलीवर कोलिस्टिन असं नाव दिसलं तर ती सरळ परत करा, कारण खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला २०१९ पासून केंद्र सरकारची बंदी आहे. हळदीच्या पाण्याने नुकसान नाही, जाऊबाईंचा मान राखायला द्या हवं तर, पण पिल्लं पाणी कमी प्यायला लागली तर बंद करा. ऊब दिल्यावरही तीन दिवसांनी मरतूक थांबली नाही, तर ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. उघडून बघितलं की डॉक्टरांना कारण कळतं. बाकीची मेलेली खड्डा करून, चुना टाकून पुरा. उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, कुत्री ओढून गावभर नेतात.

लसीचं थोडक्यात. मरेक्स रोगाची लस पिल्लू निघालं त्याच दिवशी उबवणी केंद्रातच देतात, पावती घेताना विचारून घ्यायची. मानमोडी रोगासाठी लासोटा ही लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या आसपास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची सहाव्या आठवड्यात. पुढचं डॉक्टर सांगतील. सुस्त, गारठलेल्या पिल्लाला लस देत नाहीत. तुमची पिल्लं तरतरीत दिसेपर्यंत दोन-तीन दिवस थांबा. लस बर्फात आणा आणि कालवल्यावर तास-दीड तासात संपवा. दुपारच्या एसटीत पिशवीत ठेवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नको.

गंडांतर थंडीवरच संपत नाही. तिसऱ्या आठवड्यात दुसरं येतं, ते ओल्या तुसातून. ऊब टिकवायला लोक खोली इतकी बंद करतात की तूस ओलं होतं, अमोनिया चढतो, आत गेलं की आपले डोळे चुरचुरतात. आपले डोळे पाच फुटांवर, पिल्लांचे दोन इंचांवर. वरून हवा खेळती ठेवा, खालून वारा अडवा. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून तिथे नवं टाका, बाकीचं रोज एकदा खाली-वर करा. ओलं तूस आणि ऊब एकत्र आली की रक्ती हगवण. शीत रक्त, पिल्लं पिसं फुगवून उभी, खाणं बंद. ही दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, उशीर केला तर एका रात्रीत दहा-पंधरा जातात. त्यावर बहुतेकदा अँप्रोलियम हे औषध देतात. ते चालू असताना बी जीवनसत्त्वाचं टॉनिक सोबत देऊ नका, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. दुकानदार हमखास दोन्ही एकत्र बांधून देतो.

कडं मात्र दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत चला, दहाव्या दिवसाच्या सुमारास काढून टाका. काढल्यावर खोलीचे चारही कोपरे पुठ्ठा लावून गोल करा. जागा चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट लागते. आणि रात्री दाराखालची फट बघा. थंडी संपली तरी घूस आणि मांजर आहेच.

६६ पैकी किती जगतील, याचा आकडा सांगता येणार नाही. पण जी आज खातायत, धावतायत ती ऊब मिळाली तर सहसा जातात कुठे? कमजोर दहा-बारा वेगळ्या खोक्यात, दिव्याजवळ ठेवा आणि चोच पाण्यात बुडवून पाणी दाखवा.

दुसरी १०० जानेवारीत आणू नका. एकाच खोलीत दोन वयाची पिल्लं ठेवली की मोठ्यांचा रोग लहानांना लागतो, आणि तुमच्याकडे सध्या तरी दुसरी खोली नाही. पहिली दिव्याखालून निघू द्या. मग सगळं तूस बाहेर काढा, जमीन धुवा, भिंतींना आणि जमिनीला चुना मारा, खोली दोन आठवडे मोकळी ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडीही उतरलेली असेल. बुकिंग पुढे ढकलायला केंद्रवाले कुरकुर करतील, करू द्या. खाजगी केंद्र नको असेल तर सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथे आधी नोंदणी करावी लागते.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच दिवे लावून ठेवा, म्हणजे चोवीस तासांत तूस बुडापासून तापतं. आणि गाडी सकाळी पोचेल अशीच मागा. संध्याकाळी सातला पिल्लं उतरली की त्यांची पहिलीच रात्र अंधारात, तुमची धावपळ आणि त्यांना पाणी कुठे हेही माहीत नाही. सकाळी आली तर दिवसभर त्यांच्याकडे बघून दिवा वर-खाली करायला वेळ मिळतो.